मुलानं नाणं, सेल, पिन गिळली तर काय करायचं

मी गोव्यात कॅज्युअल्टीत नर्स आहे, बरीच वर्षं झाली. मूल उचलून धावत आलेले आईबाप घरी काय काय करून आलेले असतात ते बघून हे लिहायला बसलेय. व्हॉट्सअपवर फिरणारे सल्ले आधी डोक्यातून काढून टाका. केळं खाऊ घाला, पावाचा सुका तुकडा गिळायला द्या, मिठाचं पाणी पाजून उलटी काढा, सगळं चूक, आणि मिठाच्या पाण्यानं तर लहान मूल दगावू शकतं. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांत हे सगळ्यात जास्त होतं, म्हणजे ज्याला धड सांगताही येत नाही अशा वयात.

पहिलं, श्वास बघा

मूल जोरात खोकतंय, रडतंय म्हणजे हवा जातेय, त्याला खोकू द्या. आवाजच फुटत नसेल, ओठ निळे पडत असतील तर घसा अडकलाय. एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर हातावर पालथं घ्या, डोकं खाली, पाठीवर खांद्यांच्या मधे ५ थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी ५ दाब. मोठं असेल तर ५ थापा आणि मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर आत-वर असे ५ दाब. वस्तू बाहेर येईपर्यंत हेच आलटून पालटून, आणि तोवर दुसऱ्या कोणीतरी १०८ लावायचा. तोंडात बोट फिरवून शोधायचं नाही, वस्तू आणखी आत जाते.

दुसरं, नेमकं काय गेलंय ते शोधा

सगळा घोळ इथेच होतो. मलाही सगळ्यात जड हेच जायचं, कारण समोर आई शपथेवर सांगत असते की रुपया होता, तिनं बघितलाय, आणि मूल मजेत खेळतंय. तर ऐका. २०१९ पासून जो नवा एक रुपया आलाय त्याची रुंदी २० मिलिमीटर आहे. सीआर२०३२ नावाचा चपटा बटण सेल, जो गाडीच्या चावीत, वजनकाट्यात, छोट्या रिमोटमध्ये असतो, त्याचीही रुंदी २० मिलिमीटरच. दोन्ही चकचकीत, दोन्ही गोल. दीड वर्षाच्या मुलाच्या हातात लांबून दिसलेली चकचकीत गोल वस्तू नाणं होती की सेल हे कोणालाच सांगता येत नाही, तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. म्हणून माझा नियम एकच, एक्सरे होईपर्यंत गोल वस्तू म्हणजे सेलच समजायचा.

एवढं का, तर नाणं अन्ननलिकेत अडकलं तरी ते नुसतं अडकलेलं असतं. सेल अडकला की दोन्ही बाजूंनी ओलं अस्तर चिकटतं, सर्किट पूर्ण होतं आणि विजेचा प्रवाह सुरू होतो. त्यानं सेलच्या उणे बाजूला कॉस्टिक सोड्यासारखा अल्कली तयार होतो आणि अस्तर जाळायला लागतो. सेल फुटावा लागत नाही, गळावा लागत नाही. दोन तासांत खोल जखम होते. उणे बाजू पुढे असेल तर अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यात भोक पडू शकतं, जवळून जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत जखम गेली तर रक्तस्राव होतो आणि तो थांबवणं फार कठीण असतं. आणि या दोन तासांत मूल हसत असू शकतं, पाणी पीत असू शकतं, म्हणून "खेळतोय ना, मग काही नाही" हे वाक्य मला ऐकवत नाही.

आणखी एक, "सेल संपलेला होता". घड्याळ बंद पडलं म्हणजे सेल मेला असं नाही, जाळण्याइतकं व्होल्टेज त्यात उरलेलं असतं. ड्रॉवरमध्ये टाकून दिलेले जुने सेल नव्याइतकेच वाईट समजा.

मग शोधायचं कसं? एकानं मुलाला घेऊन निघायची तयारी करायची आणि दुसऱ्यानं दोन मिनिटांत, दोनच मिनिटांत, घरातल्या वस्तूंची मागची झाकणं बघायची. रिमोट, चावी, वजनकाटा, आजोबांचं कानाचं मशीन, साखर तपासायचं मशीन, दिवाळीच्या प्लास्टिकच्या पणत्या, चवथीच्या मखराला लावलेले छोटे दिवे, जत्रेतून किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेलं लाइट लागणारं खेळणं. कुठलं झाकण उघडं सापडलं तर ती वस्तूच सोबत घ्या. पाकीट असेल तर पाकीट, तसाच दुसरा सेल असेल तर तो. नाणं असेल तर तसंच नाणं. डॉक्टरला "एवढं होतं" असं बोटांनी दाखवण्यापेक्षा हे शंभर पटीनं उपयोगी. दोन मिनिटांत नाही सापडलं तर सोडा आणि निघा.

तिसरं, तोंड बंद

खायला काही नाही, प्यायला काही नाही, पेजसुद्धा नाही. वस्तू काढायला बहुतेक वेळा भूल द्यावी लागते आणि पोट भरलेलं असेल तर भूल देताना ते वर येऊन फुफ्फुसात जायची भीती असते, मग भूलवाले डॉक्टर थांबतात आणि इकडे सेलचं घड्याळ चालूच असतं. केळ्यानं वस्तू "गुंडाळून खाली जाते" असं ज्यांना वाटतं त्यांना सांगते, अन्ननलिकेत अडकलेलं नाणं बहुतेकदा अगदी वरच्या अरुंद जागी, गळ्याच्या खाली असतं, आणि केळं त्याच्यावर जाऊन बसतं एवढंच होतं. घरातल्या मोठ्यांना हे पटवणं हे खरं काम आहे. आजी प्रेमानंच रसबाळी केळं सोलून आणते, तिला ओरडू नका, पण केळं हातातून घ्या.

याला अपवाद एकच आणि तो नीट वाचा. बटण सेल गेल्याची खात्री किंवा दाट शंका असेल, मूल एक वर्षाच्या वरचं असेल, गिळून १२ तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर मध द्यायचा. १० मिली, म्हणजे दोन चहाचे चमचे, दर १० मिनिटांनी, जास्तीत जास्त सहा वेळा. मध जाड असतो आणि किंचित आंबट गुणाचा, सेलभोवती थर धरतो आणि जळणं थोडं मंद करतो. २०१८ साली अमेरिकेत डुकराच्या पिल्लांवर याचा अभ्यास झाला, त्यानंतर हा सल्ला देतात. पण मधानं सेल निघत नाही, जखम थांबत नाही, फक्त रस्त्यातला वेळ थोडा भरून निघतो. काणकोणहून किंवा सत्तरीच्या आतल्या गावातून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ) गाठायला तासाच्या वर लागतो, तिथे या थोड्याला किंमत आहे. म्हणून मध गाडीत बसल्यावर द्यायचा, घरी बसून नाही, आणि घरात नसेल तर आणायला थांबायचं नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीच नाही. आणि नाणं, पिन, चुंबक यांना मध नाही, तिथे तोंड पूर्ण बंद.

चौथं, एक्सरे

रात्रीच्या वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तिथून पुन्हा पाठवणी होण्यात वेळ जातो. म्हापशाचं किंवा मडगावचं जिल्हा हॉस्पिटल किंवा सरळ बांबोळीचं गोमेकॉ, जे जवळ असेल ते, आणि १०८वाल्यांना फोनवरच सांगा की बटण सेल गिळल्याची शंका आहे. खाजगीत जाणार असाल तर निघायच्या आधी विचारा की लहान मुलाला भूल देऊन दुर्बिणीनं काढायची सोय आत्ता आहे का. एक्सरे नुसत्या पोटाचा नको, मानेपासून बुडापर्यंत हवा, आणि समोरून व बाजूनं असा दोन्हीकडून. समोरून बघताना सेलच्या कडेला वर्तुळात आणखी एक वर्तुळ दिसतं, बाजूनं छोटी पायरी दिसते, नाण्याला दोन्ही नसतं. कॅनच्या झाकणाची अ‍ॅल्युमिनियमची कडी मात्र एक्सरेत नीट दिसत नाही, तेव्हा ती गेली असेल तर एक्सरे साफ आला म्हणून घरी पळू नका, तसं डॉक्टरला सांगा.

पाचवं, काढणं

हे डॉक्टरांचं काम. अन्ननलिकेत सेल असेल तर लगेच काढतात, नाणं असेल आणि त्रास नसेल तर २४ तासांच्या आत.

सहावं, पोटात गेलं असेल तर

नाणं जठरात पोचलं की बहुतेक वेळा आपोआप बाहेर पडतं, साधारण चार ते सहा दिवसांत, कधी चार आठवडेही लागतात. नेहमीचं जेवण द्या. एरंडेल नको, जुलाबाची गोळी नको. शी जुन्या चाळणीत घेऊन पाण्यानं धुऊन बघा, किळस बाजूला ठेवा, कारण नाणं सापडलं की पुढचा एक्सरे वाचतो. ताप, पोट दुखणं किंवा फुगणं, सतत उलट्या, शीमध्ये रक्त, यातलं काहीही दिसलं तर लगेच परत. साधारण अडीच सेंटिमीटरपेक्षा रुंद किंवा सहा सेंटिमीटरपेक्षा लांब वस्तू मात्र पुढे सरकणं कठीण, त्यांची वाट बघत बसायचं नसतं.

या वाट बघण्यात न बसणाऱ्या वस्तू आणखीही आहेत. खेळण्यातली छोटी ताकदवान चुंबकं दोन गेली, किंवा एक चुंबक आणि एक लोखंडाचा तुकडा, तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून ती एकमेकांना ओढतात, मधली भिंत दाबली जाऊन मरते आणि आतड्याला भोक पडतं. एकच गेलं असं वाटत असेल तरी त्याच दिवशी एक्सरे. उघडी सेफ्टी पिन आणि मासेमारीचा गळ यांचंही तसंच, ओढून काढायचा प्रयत्न घरी अजिबात नाही. जाळ्याला किंवा गळाच्या दोरीला लावलेली शिशाची गोळी गुळगुळीत असते म्हणून लोक सोडून देतात, पण जठरातल्या आम्लात शिसं विरघळतं आणि रक्तात जातं, तेव्हा ती काढायची आणि रक्तातलं शिसंही तपासायचं. म्हाताऱ्या माणसांची तारेची कवळी झोपेत किंवा जेवताना गिळली जाते, ते बोलत नाहीत, फक्त जेवण टाळतात आणि लाळ गळते. असं दिसलं तर कवळी जागेवर आहे का ते बघा.

सेल काढून घरी आल्यावर

लोक इथे निर्धास्त होतात. सेल निघाला तरी जखम पुढे वाढू शकते, आणि रक्तस्राव काही दिवसांनी, अगदी काही आठवड्यांनीही होऊ शकतो. तोंडातून थोडंसं जरी रक्त आलं, शी डांबरासारखी काळी झाली, गिळताना खोकला यायला लागला किंवा आवाज बसला तर दुसऱ्या दिवशीची ओपीडी नाही, त्याच मिनिटाला १०८, आणि फोनवर पहिलं वाक्य हेच की या मुलाच्या अन्ननलिकेतून बटण सेल काढलाय. डिस्चार्जचा कागद त्यासाठी फ्रिजवर लावून ठेवा.