हात चालता कसा ठेवावा: नोकरी-संसार सांभाळून चित्र काढणाऱ्यांसाठी

शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट ही चित्रकलेची परीक्षा दिलेलं माणूस महाराष्ट्रात घरटी एखादं तरी सापडतंच. बऱ्याच जणांनी ती दहावीच्या वाढीव गुणांसाठी दिली, काहींना मात्र खरोखर चित्रांची गोडी लागली. पुढे कॉलेज, नोकरी, लग्न, मुलं, आणि रंगपेटी माळ्यावर. चाळिशीच्या आसपास ती खाली उतरते. नवे ब्रश, भारी कागद घरात येतो आणि दोन-तीन रविवारांत सगळं पुन्हा माळ्यावर जातं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘काही सुचतच नाही.’

मला हे उत्तर पटत नाही. सुचण्याची वेळ यायच्या आधीच गाडी अडलेली असते. सामान काढायचा कंटाळा, रोज नवा विषय शोधायची कटकट, आणि एकदा खंड पडला की परत बसायची धास्ती. वर्षानुवर्षं काम करत राहिलेल्या चित्रकारांनी या तिन्ही गोष्टींची आपापली सोय लावून ठेवलेली दिसते. सुधीर पटवर्धन १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते. ‘इराणी रेस्टॉरंट’, ‘लोअर परळ’ ही त्यांची चित्रं त्याच काळातली. ‘निवृत्त झालो की मग बघू’ म्हणणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं. पोट नोकरीवर चालत असेल तर चित्र विकलं जाण्याची घाई नसते, हा फायदा आहे, आणि तो फारसं कुणी मोजत नाही.

तर कामाला लागू.

१. सामान नजरेसमोर ठेवा

कपाटातलं सामान हाताला लागत नाही. टेबलाचा एक कोपरा, खिडकीची रुंद कड, अगदी फ्रीजची वरची बाजूसुद्धा चालेल, पण तिथे दुसरं काही ठेवायचं नाही असं घरात सांगून टाका. तिथे एवढंच असू द्या: ए-फाइव्ह आकाराची कार्ट्रिज कागदाची वही, २बी आणि ४बी पेन्सिल, पाण्याने न पसरणाऱ्या शाईचं एक पेन, दोन ब्रश, पाण्याची वाटी आणि एक जुनं सुती फडकं.

जलरंगांच्या ट्यूब असतील तर रंग पॅलेटच्या खणांत काढून दोन-तीन दिवस वाळू द्या. ओला ब्रश फिरवला की ते पुन्हा चालू होतात, रोज ट्यूब पिळायची गरज राहत नाही. स्वस्त रंगांना वाळल्यावर तडे जातात, त्यासाठी काढतानाच ग्लिसरीनचा एखादा थेंब मिसळा. ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या जाडीचं माप) भारी कागद मात्र सध्या बाजूलाच राहू द्या. त्याची किंमत डोक्यात असली की हात आखडतो.

वेळेचं म्हणाल तर पंधरा-वीस मिनिटं पुरतात. ती एखाद्या रोजच्या गोष्टीला जोडून टाका: सकाळचा चहा झाला आणि मोबाइल अजून हातात घेतलेला नाही, एवढ्यात.

२. एकच विषय घ्या आणि त्याला चिकटून राहा

इटलीतल्या बोलोन्या शहराचा चित्रकार जॉर्जो मोरांडी (१८९०–१९६४) हा या बाबतीतला गुरू. आपल्या तीन बहिणींसोबत तो राहायचा, झोपायची खोली हाच त्याचा स्टुडिओ होता. १९३० ते १९५६ तो तिथल्या कला अकादमीत एचिंग (धातूचा पत्रा आम्लाने कोरून त्यावरून चित्र छापण्याचं तंत्र) शिकवत होता. म्हणजे हाही नोकरदारच. आणि रंगवलं काय, तर बाटल्या, सुरया, डबे, वाडगे, तेच ते, दशकानुदशकं. काचेची चकाकी नको म्हणून काही बाटल्यांना तो रंग फासायचा. वस्तूंवरची धूळ तशीच राहू द्यायचा. टेबलावर कागद पसरून त्यावर प्रत्येक वस्तूची जागा पेन्सिलीने आखून ठेवायचा, म्हणजे एखादी बाटली बोटभर सरकवली तर काय बदलतं ते नेमकं कळे. त्याची चित्रं पाहताना बाटल्यांपेक्षा त्यांच्यामधल्या फटींकडेच डोळे जातात.

हा प्रयोग घरी करायला काहीच लागत नाही. लोणच्याची चिनी मातीची बरणी, दगडी खलबत्ता आणि एखादा पितळी तांब्या घ्या. खिडकीजवळ, एकाच बाजूने उजेड येईल असे मांडा. खाली कागद घालून बुडांच्या कडा आखून घ्या, म्हणजे कुणी उचललं तरी परत तिथेच ठेवता येईल. (उचलतातच. खलबत्ता तर नक्कीच, सोमवारी घरात कुणाला तरी आलं ठेचायचंच असतं.) आता दोन-तीन दिवसांना एक फेरी असं चाला.

पहिल्या फेरीत फक्त रेषा. नजर वस्तूवर, कागदावर कमीत कमी. आकार वेडावाकडा येईल, येऊ द्या.

दुसरीत वस्तू काढायच्याच नाहीत. बरणी आणि तांब्यामधली मोकळी जागा, तांब्याच्या गळ्यापाशी होणारा उजेडाचा त्रिकोण, खलबत्त्याच्या मागची भिंत, एवढंच काढा. वस्तू आपोआप उमटतात, आणि पहिल्या फेरीपेक्षा बहुधा प्रमाणात उमटतात.

तिसरीत डोळे किलकिले करून तीनच टोन शोधा: उजळ, मधला, गडद. एकच रंग घ्या, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) किंवा काळ्याच्या जवळचा कुठलाही. उजळ भागाला कोरा कागद सोडा. मधल्या टोनचा पातळ वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सपाट थर, द्या, तो पूर्ण वाळला की मगच गडद. न वाळता घाई केलीत तर सगळा चिखल होतो.

चौथीत तीच मांडणी रात्री ट्यूबलाइटखाली. सावल्या बदलतात, पितळ वेगळंच दिसायला लागतं.

कंटाळा येतो तो साधारण इथेच. तेव्हा विषय बदलू नका, मांडणी बदला. पाचव्या फेरीत खलबत्ता बरणीच्या मागे अर्धा लपवा, किंवा तांब्या काढूनच टाका आणि रिकामी राहिलेली जागा रंगवा.

सहावीत रंग, पण दोनच: अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी). या दोघांच्या मिश्रणातून थंड ते उबदार असे इतके करडे निघतात की तिसरा रंग हवा कशाला असं वाटायला लागतं.

३. महिन्याला एक नियम

मूळचा जपानी आणि नंतर न्यूयॉर्कला स्थायिक झालेला चित्रकार ऑन कावारा ४ जानेवारी १९६६ पासून त्या-त्या दिवसाची तारीख एकरंगी कॅनव्हासवर रंगवू लागला. चित्र मध्यरात्रीपर्यंत पुरं झालं नाही तर नष्ट करायचं, असा त्याचा नियम. पुढची कित्येक दशकं तो हे करत राहिला. चित्र फाडून टाकण्याचा भाग आपण सोडून देऊ, तेवढी कडकलक्ष्मी अंगात येण्याची गरज नाही. घ्यायचं ते एवढंच की आज काय काढू हा प्रश्न त्याला रोज पडत नव्हता. या महिन्यात फक्त हात, पुढच्या महिन्यात फक्त पोस्टकार्डाएवढा आकार, त्याच्या पुढच्या महिन्यात फक्त हिरवा. नियम कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि महिनाभर बदलू नका.

४. स्मरणचित्र परत सुरू करा

स्मरणचित्र म्हणजे पाहिलेलं आठवून काढलेलं चित्र. एलिमेंटरी-इंटरमिजिएटमधला हा विषय आपण ‘बाजारातील दृश्य’, ‘बस थांबा’ असे ठरीव नमुने घोकून संपवला. खरं तर इतकं कामाचं दुसरं काही त्या परीक्षेत नव्हतं. लोकलमध्ये, मंडईत, दवाखान्याच्या बाकावर एखाद्या माणसाकडे मिनिटभर नीट पाहा. फोटो काढू नका (न विचारता काढणं तसंही बरं नाही). तीनच गोष्टी मनात धरा: सगळ्यात मोठा आकार कोणता, उजेड कुठून येतो, आणि अंगाचा भार कुठे टाकलाय. कोपर खिडकीला टेकलंय की पिशवीवर? घरी येऊन पाच मिनिटांत काढा. आठवलं नाही तिथे जागा कोरी सोडा, मनाने भरू नका. दुसऱ्या दिवशी त्याच लोकलमध्ये नजर नेमकी त्या कोऱ्या जागेवरच जाते.

५. चित्रांच्या वहीत शब्दही लिहा

चित्रकार प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) मूळचे अलिबागजवळच्या नागावचे. विणकर सेवा केंद्रातली नोकरी, आधी बनारसला आणि नंतर मुंबईत. घड्याळ, पान, शंख अशा साध्या वस्तू त्यांच्या चित्रांत वेगळंच नातं जोडून बसलेल्या दिसतात. त्यांच्या डायऱ्यांमध्ये छोटी रेखाटनं आणि टिपणं शेजारी-शेजारी आहेत, चित्र आधी तिथे शिजलेलं दिसतं.

आपणही पानाच्या कडेला दोन ओळी लिहाव्यात. ‘छान झालं’, ‘बिघडलं’ असे शेरे नकोत. ‘भिंतीचा पिवळा तांब्याच्या पिवळ्यात मिसळला, मध्ये करडा हवा होता’ असं लिहा. ज्या दिवशी काही सुचणार नाही त्या दिवशी जुनी वही उघडायची आणि एखाद्या ओळीत सांगितलेली दुरुस्ती करायची. बसल्या जागी विषय मिळतो.

६. खंड पडला तर

पडणारच. आधी कशामुळे पडला ते बघा, कारण प्रत्येकाचं औषध वेगळं असतं. दमणूक असेल तर सरळ आठवडाभर सुट्टी घ्या आणि त्यात चित्रं पाहा. मुंबईत असाल तर जहांगीर आर्ट गॅलरीत जाऊन बसा, प्रवेश मोफत आहे. कंटाळा असेल तर माध्यम बदला: ब्रशऐवजी कोळसा, कागदाऐवजी पुठ्ठा. ‘आता जमणार नाही’ ही भीती असेल तर आकार लहान करा, आगपेटीएवढा. तेवढ्यात बिघडायला वावच नसतो.

शरीराने अडवलं तर गोष्ट निराळी. चित्रकार वासुदेव गायतोंडे तसेही वर्षाला मोजकीच चित्रं करत. १९८४ च्या अपघातानंतर काही वर्षं त्यांना मोठ्या कॅनव्हासवर काम करता आलं नाही, त्या काळात त्यांनी कागदावर शाईने लहान रेखाटनं केली. फ्रेंच चित्रकार आँरी मातीसच्या पोटावर १९४१ मध्ये मोठी शस्त्रक्रिया झाली. नंतर अंथरुणात किंवा चाकांच्या खुर्चीत बसून तो साहाय्यकांनी रंगवलेले कागद कात्रीने कापायचा, आणि त्यातून त्याच्या कामाचं एक वेगळंच पर्व सुरू झालं. पाठ किंवा मनगट धरलं असेल तर ईझलपुढे (चित्राच्या उभ्या घोडीपुढे) हट्टाने उभं राहण्यात शौर्य नाही. मांडीवरची पाटी आणि जाड पेन घ्या.

सुटलेल्या दिवसांची भरपाई मात्र करायला जाऊ नका. पाच दिवस बुडाले म्हणून सहाव्या दिवशी पाच चित्रं काढणारा सातव्या दिवशी हमखास गायब असतो.

७. कुणाला दाखवायचं

रंग वाळायच्या आधी फोटो टाकू नका. लाइक्सची चटक लागली की ज्याला जास्त मिळाले तेच चित्र आपण पुन्हा-पुन्हा काढायला लागतो, आणि आपल्याला ते कळतही नाही. वही आठवडाभर झाकून ठेवा, मग एखाद-दोन माणसांना दाखवा, त्यातलं एक तरी स्वतः काम करणारं असावं. सोबत हवी असेल तर मुंबई-पुण्यात अर्बन स्केचर्सचे गट रस्त्यावर बसून एकत्र चित्रं काढतात. नवख्यांना तिथे कुणी हसत नाही.

८. साठवण

प्रत्येक पानामागे तारीख आणि जागा पेन्सिलीने लिहा, शाई पुढच्या बाजूला उमटू शकते. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर कागदाला बुरशी धरते, म्हणून जलरंगातली चित्रं भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. पूर्ण वाळलेली चित्रं मधे बटर पेपर घालून फोल्डरमध्ये आडवी ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका. दसऱ्याच्या आसपास कडक ऊन पडलं की सगळं बाहेर काढून सावलीत वारा लागू द्या. थेट उन्हात नको, रंग उडतात. आणि ही जुनी चित्रं हाताळताना बिघडलेली बाजूला काढा, फेकू नका: त्यांच्या कोऱ्या पाठी पुढच्या महिन्याच्या सरावाला उपयोगी पडतात.