वणव्याच्या दिवसांत डोंगर चालताय? या चुका टाळा

फेब्रुवारी सरता सरता सह्याद्रीतलं गवत वाळून खडखडीत होतं आणि पहिला पाऊस पडेपर्यंत वणव्याची धास्ती कायम असते. राजगड–तोरणा, रतनगड–हरिश्चंद्रगड, कोकणातून घाटमाथ्यावर चढणाऱ्या घाटवाटा, याच दिवसांत तिथे गर्दी असते. दरवर्षी त्याच त्या चुका बघून वैताग येतो, म्हणून लिहितोय.

आग खाली दिसली की वर पळत सुटणं

सगळ्यात जीवघेणी चूक हीच. चढावर ज्वाळा वरच्या गवताकडे झुकतात, ते आधीच तापतं आणि भडकन पेट घेतं. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. शिवाय दुपारी वारा दरीतून वर येतो. नाळ किंवा घळ (डोंगरातली अरुंद, खोल खाच) तर अशा वेळी धुराड्यासारखी आग वर ओढते. तुम्ही पाठीवर सॅक घेऊन चढताय, आगीच्या पुढे जाणं शक्यच नाही.

मुळशीकडच्या एका घाटवाटेने आम्ही मार्चअखेर चढत होतो. भर दुपार, गवताची सोंड (डोंगराची उतरत आलेली धार), वरचं पठार समोर दिसत होतं. खालच्या अंगाला धूर उठला. ग्रुपमधली दोन नवी पोरं "पटकन वर निघू" म्हणत थेट नाळेकडे धावली. सोबत वाडीतले मामा होते. ते एवढंच म्हणाले, "दादा, पोरांना हाका मारा. नाळेत नको, काळ्यात चला." चार दिवसांपूर्वी जळून गेलेला एक पट्टा बाजूला होता. मामांनी सगळ्यांना आडवं चालवत तिथे नेलं. घोट्याएवढी राख आणि कारवीचे काळे खुंट, जळायला काही शिल्लकच नव्हतं. आम्ही तोंडाला रुमाल लावून जमिनीलगत बसलो आणि समोर ती नाळ खालपासून वरपर्यंत पेटत गेली. आवाज असा, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. पोरं हाकेला परतली म्हणून वाचली. एकाची पॉलिएस्टरची ट्रॅकपँट ठिणग्यांनी वितळून पोटरीला चिकटली होती. तेव्हापासून उन्हाळ्यात माझ्यासोबत येणाऱ्याला जाड सुती पूर्ण पँट सक्तीची आहे.

11 मार्च 2018 ला तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात, कुरंगणीच्या गवताळ डोंगरउतारावर ट्रेकर वणव्यात सापडले. वीसहून जास्त जीव गेले. वाळलेल्या गवताचा उतार काय करू शकतो, हे यापुढे कुणाला वेगळं सांगायची गरज पडू नये.

माझी सवय अशी: चालता चालता उघडा कातळ, नांगरलेलं शेत, जळून गेलेला पट्टा, पाण्याचं टाकं हेरत जायचं. धूर दिसला की वारा बघायचा आणि आगीच्या वाटेतून आडवं बाहेर पडायचं.

शेकोटीवर माती लोटून निघणं

माती टाकली की विझली, हा समज कुठून आला कळत नाही. मातीखाली निखारा तासन्‌तास जिवंत राहतो, तुम्ही गड उतरून गेल्यावर वारा सुटतो आणि माती उडते. विझवायचं तर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, मग हाताची मागची बाजू जवळ धरून धग लागते का बघा. एवढं पाणी मार्चमध्ये गडावर कुणाकडे असतं? नसेल तर शेकोटी नको, इतकं सरळ आहे. 'रात्री मजा नाही येत' हे कारण मी ऐकून घेत नाही. राखीव वनात आग पेटवणं हा 1927 च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. भीमाशंकर, हरिश्चंद्रगड तर अभयारण्यात येतात. वाडीत सांगून ठेवलं तर गरम पिठलं-भाकरी मिळते. वर जायचं तर कोरडा शिधा न्या.

वाडीत न विचारता निघणं

कोणत्या अंगाला राब भाजताहेत (भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा जाळताहेत), कुठे गवत पेटवलंय, हे तिथल्या माणसाला माहीत असतं, मोबाइलवरच्या ट्रॅकला नाही. डाउनलोड केलेल्या रेषेवर डोळे मिटून चालणाऱ्यांनी पायथ्याला पाच मिनिटं थांबून विचारावं.

आणखी काही:

- उशिरा निघणं. उन्हाचा चढ दहाच्या आत संपवा.
- तंबू वाळक्या गवतात ठोकणं. कातळावर लावा.
- विडी-सिगारेट. माझ्या ग्रुपमध्ये बंद म्हणजे बंद.
- हिरवे डहाळे घेऊन आग झोडपायला धावणं. गावकरी वारा ओळखून झोडपतात. तुम्ही बाजूला व्हा.

आणि धूर दिसल्यावर आधी व्हिडिओ काढत बसू नका. रेंज मिळाली की वनविभागाच्या 1926 वर फोन करा. माणसं अडकली असतील तर 112. जवळचं गाव, गडाची कोणती बाजू, धूर कुठे सरकतोय, एवढं नीट सांगा. मग वाडीत कळवा, कारण सगळ्यात आधी तिथलीच माणसं पोचतात.