क्लॅरिनेटची रीड सांभाळताना या चुका टाळा

"वाद्य बिघडलंय, दुरुस्तीला टाकावं लागेल," असं म्हणत कुणी क्लॅरिनेट पुढे केलं की मी आधी माउथपीसची, म्हणजे तोंडात धरून फुंकायच्या भागाची, कॅप काढून बघते.

माझ्याकडे शिकणारा एक मुलगा कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी असाच धावत आला. खालचे सूर फुटत होते, वर गेलं की नुसती किंकाळी. पॅड, म्हणजे छिद्रं झाकणाऱ्या छोट्या गाद्या, बदलायचे हे त्याने ठरवूनच टाकलं होतं. कॅप काढली तर आत चार दिवसांपूर्वीची रीड, म्हणजे फुंकल्यावर थरथरून सूर काढणारी पातळ पट्टी, लिगेचरमध्ये (रीड माउथपीसवर आवळून धरणाऱ्या पट्ट्यात) तशीच अडकवलेली. कुबट वास, बुडाशी काळे ठिपके आणि टोक नागमोडी झालेलं. ती टाकून दिली, पण वाजवून तयार केलेली दुसरी रीड त्याच्याकडे नव्हती. कोरी करकरीत रीड लावून तो कार्यक्रमाला बसला आणि शेवटपर्यंत तिच्याशी झगडत राहिला. मला फार वाईट वाटलं, कारण रियाज त्याने मनापासून केला होता.

रीड म्हणजे अरुंडो डोनॅक्स या बोरूसारख्या उंच गवताची पट्टी. टोकाशी तिची जाडी मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाइतकी. टोक लगेच वाळतं, बूड सावकाश. त्यात सपाट बाजू माउथपीसला चिकटून ओलीच राहिली तर रीड वाकणारच. म्हणून वाजवून झालं की रीड लगेच काढायची. मी ती बुडाकडून टोकाकडे बोटांनी हलकेच निपटते, उलट कधीच नाही, आणि सपाट काच असलेल्या रीड केसमध्ये ठेवते. केसमधली आर्द्रता 45 ते 60 टक्क्यांच्या आसपास राहिली तर उत्तम. ओली रीड हवाबंद पिशवीत कोंबू नका, बुरशी धरते.

टोक नागमोडी झालंच, तर रीड दोनेक मिनिटं स्वच्छ पाण्यात ठेवा आणि काचेवर अंगठ्याने हलकेच दाबून धरा. बहुधा सरळ होते. रात्रभर पेल्यात बुडवून ठेवणं, उन्हात किंवा ड्रायरने वाळवणं, हे शॉर्टकट मला अजिबात पटत नाहीत.

दुसरी चूक अधीरपणाची. नवी रीड आणली की त्याच दिवशी दोन तास वाजवायची, आवडली की मरेपर्यंत तीच. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, दुसऱ्या दिवशी दहा, असं आठवडाभर केलं की रीड स्थिरावते. एवढा धीर नसलेल्यांना चांगली रीड कधी हाती लागत नाही, आणि मग ते कंपनीला दोष देतात. माझ्याकडे कायम चार रीड फिरत्या असतात. बुडाशी पेन्सिलने 1 ते 4 आकडे घातलेले, रोज पुढचा नंबर. एखादी दगावली तरी तीन तयार असतात.

गोड खाऊन चूळ न भरता वाजवू नका.

लिगेचर आधी चढवा, मग तिच्याखाली रीड सरकवा. उलट केलंत की लिगेचरची कड टोकाला लागते आणि कपचा उडतो. असं चिरलेलं टोक कापून, घासून वाचवायला नवशिक्यांनी जाऊ नये. ती रीड सरळ टाका.