स्टारफिश काढताय? मग या चुका टाळा

स्टारफिश सोपा वाटतो हीच खरी अडचण आहे. पाच टोकं, मध्ये थोडी जाडी, वरून ठिपके, झालं असं समजून लोक बसतात आणि मग मला फोटो पाठवतात, "काहीतरी चुकतंय पण काय ते कळत नाही". मला कळतं, कारण दहातल्या नऊ जणांचं एकाच जागी चुकतं, आणि शिकवताना तेच तेच बघून आता खरंच वैताग आलाय, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

आधी आउटलाइन काढणं

ही सगळ्यात मोठी चूक. लहानपणी पेन न उचलता काढायचो ती चांदणी काढायची, मग तिचे कोपरे गोल करायचे. यात होतं काय, की चांदणीचं माप ठरलेलं असतं. मध्यापासून टोकापर्यंतचं अंतर हे मध्यापासून दोन टोकांमधल्या खाचेपर्यंतच्या अंतराच्या साधारण 2.6 पट, नेहमीच. खऱ्या स्टारफिशमध्ये हे माप प्रजातीगणिक बदलतं, आणि अभ्यास करणारे लोक प्रजाती ओळखताना नेमकी हीच दोन अंतरं मोजतात. कुशन स्टार नावाचा स्टारफिश जवळजवळ पंचकोनच असतो, त्याला हात म्हणावेत असं फारसं काही दिसत नाही. उलट निळा लिंकिया या दुसऱ्या प्रजातीचे हात लांब, नळीसारखे, मुळापासून टोकापर्यंत जवळपास एकाच जाडीचे आणि टोकाला गोल. चांदणीचे कोपरे घासून यातला एकही मिळणार नाही, कितीही घासा.

माझी सवय सांगते. कागदावर आधी एक टिंब, मग त्यातून पाच रेघा, दोन रेघांमध्ये 72 अंश. पहिल्यांदा करताय तर कोनमापक घ्या, त्यात कमीपणा काही नाही. या रेघा म्हणजे हातांचा मध्य. मग त्यातल्या एकदोन मुद्दाम थोड्या वाकवायच्या, एखादी आखूड करायची, कारण जिवंत प्राणी कंपासने आखल्यासारखा बसत नाही आणि तुटलेला हात परत वाढत असताना तो बाकीच्यांपेक्षा लहान असतोच. त्यानंतर त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना जाडी द्यायची, आणि बाहेरची कड सगळ्यात शेवटी. मधली रेघ मी ठिपके पूर्ण होईपर्यंत पुसत नाही, पुढे तिचंच काम आहे.

मध्यंतरी एका शाळेच्या भिंतीवरचं समुद्राचं चित्र दुरुस्त करायला मला बोलावलं होतं. आधीच्या टीमने एक स्टेन्सिल कापलं होतं आणि तेच फिरवून फिरवून सगळ्या खडकांवर स्प्रे मारला होता, रंग तेवढे बदलले होते. खडक छान होते, पाणी छान होतं, पण स्टारफिश एकही बसलेला वाटत नव्हता, सगळे वर चिकटवलेल्या स्टिकरसारखे. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "रंग चुकलेत का हो?" रंग बरोबर होते. खडक उंचसखल, त्याला कडा, खाचा, आणि त्यावरचा प्राणी मात्र सपाट, पाचही हात ताठ. स्टारफिशच्या कातडीखाली चुनखडीच्या छोट्या छोट्या पट्ट्या असतात आणि त्यांना जोडणाऱ्या ऊतीला तो हवं तेव्हा कडक किंवा सैल करू शकतो, म्हणून तो खडकावर पसरतो तेव्हा प्रत्येक हात खालच्या दगडाचा आकार घेतो.

एक नारिंगी स्टारफिश खडकाच्या कडेवर होता, त्याचा एक हात कडेच्या बाहेर हवेत सरळ गेला होता. पुसला नाही. तो हात कडेपाशी खाली वळवला, हातावरची उजेडाची पट्टी त्या वळणावर तोडली, आणि हात दगडाला टेकतो तिथे बारीक गडद सावली दिली, टोकाकडे थोडी रुंद. तेवढ्यावर तो दगडावर बसला. मग बाकीच्यांचंही तसंच, प्रत्येकाचा हात वेगळा, आणि यात वेळ गेला तो गेलाच. स्टेन्सिलने वाचवलेला वेळ पुढे कोणालातरी भरावाच लागतो, त्यापेक्षा सुरुवातीलाच द्या ना.

घरी सराव करायचा तर पोरांच्या रंगीत क्लेचा पाच हातांचा तुकडा करा, एखाद्या ओबडधोबड दगडावर नीट दाबून बसवा, बाजूने दिवा लावा आणि ते बघून काढा. तिरक्या कोनातून बघताना 72 अंश दिसणारच नाहीत हे लक्षात ठेवा, पाच टोकं गोलावर नाही तर चपट्या अंडाकृतीवर येतात, आडवे पसरलेले हात लांब आणि आपल्याकडे येणारे किंवा मागे जाणारे आखडलेले दिसतात. वरून बघितलेला स्टारफिश बाजूने बघितलेल्या वाळूवर ठेवणं हा प्रकार तर इतका दिसतो की विचारू नका.

ठिपके कुठूनही सुरू करणं

हा माझा दुसरा विषय, आणि यावर मी वर्गात चिडतेसुद्धा. एक मुलगी होती, हात अतिशय चांगला, 0.1 च्या बारीक पेनने स्टिपलिंग, म्हणजे नुसत्या ठिपक्यांनी चित्र भरणं, करायची. तिने एका हाताच्या टोकापासून ठिपके सुरू केले, सुंदर रांगा घालत मध्यापर्यंत आली, मग दुसरा हात, मग तिसरा. पाचव्या हातापर्यंत दोनेक दिवस गेले असतील. आणि मध्यावर रांगा जुळेनात, एका हाताच्या सात रांगा, शेजारच्याच्या नऊ, तिसऱ्याची मधली रांग भलतीकडेच. मग तिने मधला भाग कसेही ठिपके मारून भरला, आणि नजर बरोबर तिथेच जायला लागली. एवढं कष्टाचं काम, मला बघून वाईट वाटलं.

स्टारफिशवरचे काटे किंवा गाठी वाळू फेकल्यासारख्या विखुरलेल्या नसतात. बऱ्याच प्रजातींत हाताच्या मधोमध एक ठळक रांग जाते, कडेला दुसऱ्या रांगा असतात, त्यांच्या मधली जागा बारीक बारीक दाण्यांनी भरलेली. चॉकलेट चिप स्टार बघा, त्याच्या गडद टोकदार गाठी हातांच्या मध्यावरच ओळीने बसलेल्या दिसतात. आणि हात वाढतो तो टोकापाशी, नवीन पट्ट्या टोकाच्या लगेच मागे तयार होतात, म्हणून टोकाकडच्या सगळ्यात लहान आणि मध्याकडच्या जुन्या, मोठ्या. हे एकदा डोक्यात बसलं की ठिपक्यांचा आकार कुठे किती ठेवायचा हे विचारावं लागत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी पाचही हातांची मधली रांग, मध्यापासून टोकाकडे, ठिपके लहान लहान होत जाणारे. मग पाचही हातांच्या कडा. आतलं भरणं शेवटी. एक हात पूर्ण करून फोटो टाकायची घाई असते ती कळते मला, पण पाचही हात एकत्र पुढे न्या. मंडला किंवा डॉट पेंटिंगमध्येही हेच. आणि वॉटरकलरवर मीठ टाकून टेक्स्चर आणणारे जे व्हिडिओ फिरतायत ते या कामाचे नाहीत, मीठ स्वतःच्या मर्जीने फुलतं, त्याला रांग माहीत नसते. मागच्या वाळूला वापरा खुशाल.

बाकीच्या, पटापट

वरची आणि खालची बाजू एकत्र करू नका. तोंड खाली असतं. प्रत्येक हाताच्या खालून मधोमध एक खाच जाते आणि नलिकापाद, म्हणजे ते बारीक नळीसारखे पाय, त्या खाचेतच असतात, काहींत दोन रांगा, काहींत चार. ते वरच्या बाजूला केसांसारखे काढायचे नाहीत. काचेला चिकटलेल्या स्टारफिशचा फोटो बघून काढलं तर ती खालची बाजू आहे, तिला दगडावर पालथं न घालता तशीच ठेवणं ही चूक मी छापील पोस्टरवरसुद्धा पाहिलीय.

वरच्या बाजूला मध्याच्या जरा शेजारी, दोन हातांच्या मध्ये एक छोटा फिकट बटणासारखा ठिपका असतो, शरीरातल्या पाण्याच्या नळ्यांचं ते चाळणीसारखं तोंड. तो बरोबर मध्यावर काढू नका, आणि पाचही खाचांत तर अजिबात नको.

मध्ये गोल चकती आणि तिला लागून बारीक सापासारखे हात काढलेत तर तो ब्रिटल स्टार झाला, म्हणजे स्टारफिशसारखा दिसणारा पण वेगळा प्राणी. स्टारफिशचा हात मध्यातूनच रुंद होऊन निघतो.

पाचच हात हवेत असं नाही. सनफ्लॉवर स्टार या प्रजातीला 24 पर्यंत असतात, पण तो सुरुवात पाचानेच करतो आणि पुढचे नंतर फुटतात. त्यामुळे वाढत्या वयातला काढताना सगळे एकाच लांबीचे नकोत.

सावलीत काळा रंग नको. खोल पाण्यातल्या दृश्यात भडक लाल पण नको, लाल उजेड पाण्यात सगळ्यात आधी शोषला जातो, फोटोतला लाल बहुतेक वेळा फ्लॅशचा असतो.

मातीकामात पाच हात वेगळे वळून मध्याला चिकटवले की वाळताना खाचेत तडा जातो. एकाच गोळ्यातून हात ओढून काढा, खाचा बोटाने गोल ठेवा, खालून मध्यभाग थोडा पोकळ करा आणि हळू वाळू द्या.

अर्न्स्ट हेकेल या जर्मन जीवशास्त्रज्ञाच्या 1899 ते 1904 मध्ये आलेल्या प्लेट्स, म्हणजे समुद्री जीवांची छापील चित्रं, बघून कॉपी करणारे खूप आहेत. त्या मलाही फार आवडतात, पण त्यांची मांडणी सजावटीची आहे, सगळं तोलून मापून समोरासमोर. डिझाइन शिकायला बघा. प्राणी कसा बसतो ते शिकायला जिवंत स्टारफिशचे व्हिडिओ थांबवून थांबवून बघा. वाळवलेला नमुना पण नको, रंग गेलेला असतो, मांस आक्रसलेलं असतं. आणि फोटोसाठी जिवंत स्टारफिश पाण्याबाहेर काढणाऱ्यांना मी वर्गात घेत नाही, चित्र कितीही चांगलं आलं तरी.

चित्र आधीच बिघडलंय? टाकू नका. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा, बाहेरची कड सोडून द्या आणि तुम्ही काढलेल्या हातांच्या फक्त मधल्या रेघा उचला. पाचही एकाच टिंबातून निघत नसतील तर घोटाळा तिथे आहे, त्या नीट करा आणि त्याच ट्रेसिंगवर परत जाडी द्यायला घ्या. रेघा बरोबर असतील तर ठिपक्यांची मधली रांग त्यांच्यावर पडते का ते तपासा, नसेल पडत तर नवीन कागदावर फक्त ठिपके परत करावे लागतील, आकार तोच ट्रेस करून घ्या.