तुरीवरील पिसारी पतंग कसा ओळखावा

तुरीच्या शेंगांवर घाटेअळी, शेंगमाशी आणि पिसारी पतंग अशा तीन किडी एकाच वेळी आढळू शकतात. त्यांतील पिसारी पतंगाचे, म्हणजे एक्झेलॅस्टिस अ‍ॅटोमोसाचे, रूप इतके वेगळे आहे की ते एकदा नीट पाहिल्यावर विसरत नाही.

पावसाळा सरल्यानंतर तूर फुलोऱ्यात आली की पाहणीला सुरुवात करावी. एक साधे हातभिंग जवळ असावे आणि झाड हलवू नये. प्रथम पतंगाची बसण्याची ठेवण पाहावी. तो पंख गुंडाळून ते शरीराच्या दोन्ही बाजूंना आडवे पसरून बसतो, त्यामुळे वरून पाहिल्यास इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी आकृती दिसते. सुमारे सव्वा सेंटिमीटर लांबीचे हे सडपातळ, भुरकट तपकिरी शरीर वाळलेल्या काडीसारखे भासते आणि पाय त्या मानाने फारच लांब व बारीक असतात.

त्यानंतर भिंगातून पंख तपासावेत. पुढचा पंख टोकाकडून दोन भागांत, तर मागचा तीन भागांत चिरलेला असतो आणि प्रत्येक भागाच्या कडेला बारीक केसांची झालर असते. या झालरीमुळेच पंख पिसासारखा दिसतो आणि मराठी नावही त्यावरूनच पडले आहे. मला ते शास्त्रीय नावापेक्षा अधिक नेमके वाटते.

पतंग सापडला नाही, तर कळ्या, फुले व शेंगा तपासाव्यात. अळी हिरवट तपकिरी असून तिच्या अंगावर आखूड काटे व केस असतात. ती आधी शेंगेची साल खरवडते आणि मग छिद्र पाडून दाणे खाते. कोषही केसाळ असल्याने त्याला अळी समजण्याची चूक सहज होते, म्हणून काडीने हलकेच स्पर्श करून ती चालते का, हे पाहावे. घाटेअळी याहून बरीच मोठी होते व तिच्या अंगावर लांब पट्टे असतात. शेंगमाशीची पांढुरकी, बिनपायांची अळी मात्र शेंगेच्या आतच राहते.

ही जात भारतभर तूर पिकणाऱ्या भागांत आढळते, त्यामुळे विदर्भ आणि मराठवाड्यातील शेतांत ती दिसणे स्वाभाविक आहे. श्रीलंकेतही तिची नोंद आहे. ती वालावरही येते, परंतु वालावर पिसारी पतंगांच्या अन्य जातीही असतात. म्हणून तेथे केवळ चिरलेल्या पंखांवरून जात ठरवू नये. छायाचित्र, तारीख, गाव आणि पीक यांची नोंद करून जाणकाराकडून खात्री करून घ्यावी.