मुलाला कुत्रा चावल्यास कायदेशीर दाव्याची तयारी

जखम साबण आणि वाहत्या पाण्याने किमान 15 मिनिटे धुऊन मुलाला तातडीने डॉक्टरांकडे न्यावे; रेबीजप्रतिबंधक लस आधी, वकील नंतर. उपचारांची नोंद हा पुढे दाव्यातला भक्कम पुरावा ठरतो, म्हणून केसपेपरवर कुत्रा चावल्याचा स्पष्ट उल्लेख, तारीख आणि वेळ आहे का, हे तिथेच वाचून पाहावे. जखमेशेजारी मोजपट्टी धरून पहिल्या दिवसापासून छायाचित्रे काढावीत. फाटलेला, रक्ताळलेला सदरा न धुता, वाळवून कागदी पिशवीत ठेवावा. मालकाचे नाव-पत्ते, साक्षीदारांचे संपर्क टिपावेत आणि लेखी तक्रारीची पोच घ्यावी.

काही देशांत मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, काही ठिकाणी त्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो; त्यामुळे पहिल्याच भेटीत वकिलांना हे, दाव्याची मुदत आणि फीची पद्धत विचारावी. मालक शेजारी किंवा नातलग असला की भीड पडते, हे खरे. तरीही घाईने देऊ केलेली रक्कम स्वीकारून कोणत्याही कागदावर सही करू नये, कारण चेहऱ्यावरचा व्रण मूल वाढताना बदलतो आणि पुढे शस्त्रक्रियाही लागू शकते. शिवाय अनेक देशांत सज्ञान नसलेल्या मुलाच्या वतीने केलेल्या तडजोडीला न्यायालयाची मंजुरी लागते.