खानापूरहून जर्मनीला शिकायला जाताना : नाव, पत्ता आणि पत्रपेटी

पासपोर्टचा अर्ज भरण्यासाठी आईने ट्रंकेतली फाईल काढून दिली, तेव्हा तिच्यात माझे नाव तीन प्रकारे लिहिलेले सापडले. गावचा जन्मदाखला कन्नडमध्ये होता आणि त्यावर आडनावच नव्हते. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्स कार्डावर आडनाव आधी व वडिलांचे नाव शेवटी होते. पदवीच्या कागदावर तर वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर उरले होते. जिल्ह्याचे नाव जुन्या इंग्रजी कागदांवर बेळगाम (Belgaum) आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या कागदांवर बेळगावी (Belagavi). सीमाभागातल्या घरांत हे इतके सर्रास आहे की आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही. मात्र फाईल परदेशी अधिकाऱ्याच्या हाती पडते, तेव्हा त्याला ही तीन वेगवेगळी माणसे वाटू शकतात. म्हणून माझे पहिले सांगणे असे की, जाण्याच्या किमान वर्षभर आधी दहावीचे कार्ड, पदवी, आधार आणि पासपोर्ट एका ओळीत मांडावेत व नावातले प्रत्येक अक्षर जुळवून पाहावे. पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा रकाना रिकामा सोडू नये, कारण पुढे व्हिसापासून विद्यापीठाच्या ओळखपत्रापर्यंत सगळीकडे तेच नाव चालते. जी दुरुस्ती विद्यापीठातून होण्यासारखी आहे ती तिथूनच करून घ्यावी. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे (व्हीटीयू) मुख्यालय बेळगावजवळ मच्छे येथेच असल्याने त्या कामासाठी आपल्या मुलांना दूर जावे लागत नाही.

दुसरा प्रश्न अर्ज कुठे करायचा हा, आणि तो आपल्या भागात विशेष गोंधळाचा आहे. माझ्या वर्गातला एक मित्र चंदगडचा; आम्ही दोघे बेळगावातच शिकलो आणि एकाच क्लासला जर्मनची पहिली पायरी चढलो. तरीही त्याचे घर महाराष्ट्रात असल्यामुळे त्याचा अर्ज मुंबईच्या जर्मन महावाणिज्य दूतावासाच्या कार्यक्षेत्रात आला आणि माझा बंगळूरच्या. येथे मातृभाषा किंवा जवळचे शहर विचारात घेतले जात नाही, तुमचे वास्तव्य कुठे आहे एवढेच पाहिले जाते. पुण्यात किंवा कोल्हापुरात राहून शिकलेल्यांनी त्यामुळे पत्त्याचा पुरावा कुठला जोडायचा हे आधीच ठरवावे.

भारतीय विद्यार्थ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र लागते. तुमची शैक्षणिक कागदपत्रे खरी आहेत का, याची ती पडताळणी असते. तिला वेळ लागतो, त्यामुळे प्रवेशपत्राची वाट पाहत न बसता हा अर्ज आधी करावा. त्यानंतर ब्लॉक्ड अकाउंट. मी गेलो तेव्हा त्यात वर्षाचे ११,२०८ युरो भरावे लागत. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो झाली, म्हणजे महिन्याला ९९२ युरो. पैसे तुमचेच असतात, पण तिथे पोहोचल्यावर दरमहा ठरलेला हप्ताच हाती येतो. बँकेच्या कर्जासाठी वडिलांनी शेताचे कागद गहाण ठेवले असतील, तर या रकमेचे गणित घरात सर्वांसमोर मांडावे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते, ही गोष्ट आपल्याकडे फार सांगितली जाते. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतले जातात, हे क्वचितच कोणी सांगते.

सामान भरताना एक गोष्ट मन घट्ट करून बाजूला ठेवावी लागते, आणि ती म्हणजे कुंदा. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून येताना मांस आणि दुधाचे पदार्थ सामानात आणण्यास मनाई आहे. कुंदा हा खव्याचाच, आणि घरचे तूपही त्याच नियमात येते. चटण्या, मसाला, मेतकूट खुशाल न्यावे.

आता पोहोचल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस, ज्यांच्याबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचे आहे. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. तिच्यासाठी पासपोर्टबरोबर घरमालकाचे, तुम्ही तिथे राहायला आल्याचे सहीचे पत्र लागते, आणि भाडेकरार त्याच्या जागी चालत नाही. मी करार घेऊन गेलो होतो. काउंटरवरच्या बाईंनी तो शांतपणे परत दिला आणि नवी वेळ घ्यायला सांगितले. ती दहा दिवसांनंतरची मिळाली.

नोंद झाल्यावर कर क्रमांक, विमा कार्ड, बँकेचे पिन असे सगळे टपालाने येते. महिना उलटला तरी माझ्याकडे काहीच आले नाही. शेवटी शेजारच्या आजोबांनी मला हाताला धरून खाली नेले आणि पत्रपेटी दाखवली : तिच्यावर आधीच्या भाडेकरूचे नाव होते. गावी पोस्टमन आपल्याला घरच्या नावाने, वडिलांच्या नावाने, अगदी गल्लीवरूनही शोधून काढतो. तिथे पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जाते. माझी पत्रे तशीच परत गेली होती. खोलीची किल्ली हातात येताच पेटीवर आणि घंटीवर आपले आडनाव, पासपोर्टात आहे तसेच, लावावे.

व्हिसा बहुधा काही महिन्यांचाच असतो. त्याची मुदत संपण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयात निवास परवान्यासाठी अर्ज करणे बंधनकारक आहे. वेळेत केलेला अर्ज प्रलंबित राहिला, तर आधीची परवानगी निर्णय होईपर्यंत कायम राहते आणि तसे तात्पुरते पत्र मागता येते. मुदत उलटून गेल्यावर मात्र हे संरक्षण मिळत नाही. नोकरीबाबतही मर्यादा ठरलेली आहे : १ मार्च २०२४ पासून विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. तेवढ्यावर कर्जाचे हप्ते फेडण्याचा हिशेब घरच्यांना देऊ नये. पदवी घेतल्यावर शिक्षणाला साजेशी नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांपर्यंत परवाना मिळतो.

अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी कार्यालयातली पत्रे जर्मनमध्ये येतात. घरी मराठी, शाळेत आणि तालुक्याच्या कचेरीत कन्नड, कॉलेजात इंग्रजी अशी आपली वाढ झालेली असते, त्यामुळे कचेरीची भाषा वेगळी असण्याचे आपल्याला नवल वाटत नाही. काउंटरवर माझी मोडकी जर्मन वाक्ये ऐकल्यावर समोरच्याचा आवाज मऊ झाल्याचे मी अनेकदा अनुभवले. तहसीलदार कचेरीत माझे काका कन्नडमध्ये बोलू लागत, तेव्हाही असेच होई.

गेल्या सप्टेंबरात बेळगावहून आलेल्या एका मुलीला घ्यायला मी स्टेशनवर गेलो होतो. तिच्या आडनावाची छापील पट्टी माझ्या खिशात तयार होती. आम्ही ती आधी पत्रपेटीवर लावली आणि मग बॅगा वर नेल्या.